गुगल शीटमधल्या रिकाम्या ओळी: काढल्या तरी परत का येतात?

सोसायटीच्या मेंटेनन्सची वसुली असो, गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची यादी असो किंवा क्लासच्या फीचं रजिस्टर, शीट चार जणांच्या हातात गेली की तक्रार ठरलेली असते. यादीत मधेमधे रिकाम्या ओळी येतात. कोणीतरी त्या काढतं आणि पंधरा दिवसांत त्या पुन्हा हजर होतात. कधी उलटंही होतं: रिकामी समजून ओळ उडवली जाते आणि तिच्याबरोबर कोणाची तरी भरलेली रक्कमही जाते.

या दोन्हींचं कारण एकच आहे. रिकाम्या दिसणाऱ्या सगळ्या ओळी एका जातीच्या नसतात. काही खरोखर मोकळ्या असतात, काहींत न दिसणारं अक्षर बसलेलं असतं, काहींत सूत्र किंवा चेकबॉक्स असतो, तर काही फक्त पहिल्या कॉलमपुरत्याच मोकळ्या असतात. जात ओळखल्याशिवाय डिलीट करायला जाऊ नका.

सूत्रांबद्दल एक सूचना. इथे ती देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये टाकताना फंक्शनची नावं, कॉलमची अक्षरं आणि आकडे इंग्रजीत टाइप करायचे. काउंटए म्हणजे काउंट आणि त्याला जोडून ए, मधे जागा नाही.

सुरुवातीआधी

फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरीमध्ये जाऊन ‘नेम करंट व्हर्जन’ निवडा आणि ‘साफसफाईआधी’ असं काहीतरी नाव द्या. शीट तुमच्या एकट्याची नसेल तर हे टाळू नका. दहा मिनिटांनी चूक लक्षात आली आणि तोवर खजिनदारांनी खाली चार नोंदी केल्या असतील, तर कंट्रोल झेडवर विसंबता येत नाही. नाव दिलेली आवृत्ती मात्र महिन्यानेही सापडते. फक्त आख्खी आवृत्ती रिस्टोअर केली तर मधल्या काळातल्या इतरांच्या नोंदीही मागे जातात. म्हणून जुनी आवृत्ती उघडून हव्या तेवढ्याच ओळी कॉपी करून आणाव्यात.

ओळ खरंच रिकामी आहे का?

समजा सोसायटीच्या शीटमध्ये ए ते एफ असे सहा कॉलम आहेत: विंग, फ्लॅट, नाव, महिना, देय रक्कम, भरलेली रक्कम. उजवीकडे दोन तात्पुरते कॉलम घ्या. एच२ मध्ये लिहा:

=काउंटए(ए२:एफ२)

आणि आय२ मध्ये:

=समप्रॉडक्ट(लेन(ए२:एफ२))

दोन्ही खालपर्यंत ओढा. पहिलं सूत्र ओळीत किती सेलमध्ये काहीतरी आहे ते मोजतं, दुसरं त्या ओळीत एकूण किती अक्षरं आहेत ते. दोन्ही आकडे शेजारी आले की ओळीची जात कळते.

दोन्हीकडे शून्य आलं तर ओळ खरी रिकामी. एचमध्ये काही आकडा आहे पण आयमध्ये शून्य, तर तिथे असं सूत्र आहे जे मोकळा मजकूर परत देतंय. एचमध्ये १ आणि आयमध्येही १ किंवा २ असेल तर बहुधा स्पेस किंवा तसलंच काहीतरी पडलंय. पण इथे थांबून एकदा डोळ्यांनी बघा. नुसती विंग लिहून सोडलेल्या ओळीतही एकच अक्षर असतं आणि भरलेली रक्कम म्हणून लिहिलेला शून्यही एकच अक्षर असतो. एचमध्ये १ आणि आयमध्ये ५ दिसले, तर शीटमध्ये टिक न केलेला चेकबॉक्स आहे का ते तपासा. टिक न केलेल्या चेकबॉक्सची किंमत ‘फॉल्स’ अशी असते आणि इंग्रजीत त्याची पाच अक्षरं होतात.

फक्त ए कॉलम मोकळा आहे म्हणून ओळ काढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बँकेचं स्टेटमेंट शीटमध्ये चिकटवलं की लांबलचक तपशील कधीकधी दोन-तीन ओळींत तुटून येतो. पहिल्या ओळीत तारीख आणि रक्कम, पुढच्या ओळींत नुसता उरलेला तपशील. तारखेचा कॉलम रिकामा बघून या ओळी उडवल्या तर यूपीआयने पैसे कोणी पाठवले ते कायमचं जातं. एकत्र केलेल्या म्हणजे मर्ज केलेल्या सेलचंही तेच. ‘बी विंग’ असं एकदाच लिहून खाली वीस ओळींपर्यंत सेल मर्ज केला असेल, तर मजकूर फक्त वरच्या सेलमध्ये असतो आणि खालचे एकोणीस सेल शीटच्या लेखी रिकामे असतात.

खऱ्या रिकाम्या ओळी काढणं

ए ते आय हे कॉलम त्यांच्या वरच्या अक्षरांवरून निवडा, मग डेटा मेनूतून ‘क्रिएट अ फिल्टर’. एखाद्या सेलवर उभं राहून फिल्टर लावू नका. यादी कुठे संपते हे शीटला ठरवायला लावलं की मधल्या रिकाम्या ओळींमुळेच घोळ होऊ शकतो. एच कॉलमच्या फिल्टरमध्ये ‘फिल्टर बाय कंडिशन’, ‘इज इक्वल टू’, आणि ०. आता फक्त रिकाम्या ओळी उरतील. डावीकडच्या ओळक्रमांकावर क्लिक करा, शिफ्ट धरून शेवटच्या क्रमांकावर क्लिक करा, राइट क्लिक करून ‘डिलीट सिलेक्टेड रोज’. मग फिल्टर काढा आणि एच-आय हे कॉलमही काढून टाका. ते खालपर्यंत ओढलेले तसेच राहिले, तर पुढच्या वेळी रिकाम्या ओळींचं कारण तेच ठरतील.

डिलीट करताना मेनूतले शब्द वाचा. ‘सिलेक्टेड रोज’ ऐवजी ‘डिलीट रोज २ - ३४०’ असा सलग आकडा दिसला तर हात आवरा. कदाचित फिल्टर लागलेलाच नाही आणि ओळी नुसत्या लपवलेल्या आहेत. हाताने लपवलेल्या किंवा ग्रुप करून मिटलेल्या ओळी निवडीत आल्या तर त्याही उडतात.

फिल्टर सर्वांना दिसतो हेही ध्यानात असू द्या. तुम्ही रिकाम्या ओळी गाळून बसला असाल त्या क्षणी सेक्रेटरींनी मोबाइलवर शीट उघडली, तर त्यांना सगळी यादी गायब झालेली दिसेल आणि फोन येईल. त्यासाठी फिल्टर व्ह्यू वापरा. तो फक्त तुमच्या पडद्यावर लागतो. पण त्यातून डिलीट केलेली ओळ सर्वांसाठीच जाते.

फिल्टर लावताना उभ्या मर्ज सेलबद्दल एरर आला तर त्या निवडीवर फॉरमॅट मेनूतून अनमर्ज करा आणि विंगचं नाव प्रत्येक ओळीत भरा. हे काम कंटाळवाणं आहे, पण मर्ज असलेल्या शीटवर सॉर्टही चालत नाही. नोंदवहीत मर्ज नकोच, असं आमचं स्पष्ट मत आहे. छापायच्या कागदावर हवं तेवढं करा.

सॉर्टनेही काम होतं. चढता क्रम घ्या वा उतरता, खरे रिकामे सेल तळाशी जातात आणि मग एका झटक्यात काढता येतात. पण मूळ क्रम मोडतो. क्रम राखायचा असेल तर आधी एका कॉलममध्ये १, २, ३ असे अनुक्रमांक टाका (सूत्राने नव्हे, साध्या आकड्यांनी) आणि शेवटी त्यावरून परत सॉर्ट करा. ‘वरच्या ओळीतली शिल्लक अधिक या ओळीतली जमा’ अशी सूत्रं असतील तर सॉर्टच्या वाटेला जाऊच नका, शिल्लक भलतीकडेच जाते.

न दिसणारी अक्षरं

व्हॉट्सअ‍ॅपवरून, वर्डमधून किंवा वेबपानावरून यादी चिकटवली की हा प्रकार येतो. सेल मोकळा दिसतो, काउंटए मात्र १ सांगतं. नेमकं काय आहे ते बघायला =युनिकोड(सी५) लिहा. उत्तर ३२ आलं तर साधी स्पेस. १६० आलं तर नॉन-ब्रेकिंग स्पेस, वेबपानावरून येणारी. ८२०३ म्हणजे शून्य रुंदीची स्पेस.

साध्या स्पेससाठी डेटा मेनूत ‘डेटा क्लीनअप’ आणि त्यात ‘ट्रिम व्हाइटस्पेस’ पुरतं. १६० क्रमांकाच्या स्पेसला मात्र ते हात लावत नाही, आणि ‘ट्रिम केलं तरी जात नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. तो सेल उघडून ते एक अक्षर कॉपी करा, एडिट मेनूतून ‘फाइंड अँड रिप्लेस’ उघडा, फाइंडच्या चौकटीत चिकटवा, खालची चौकट मोकळी ठेवा आणि ‘मॅच एन्टायर सेल कंटेन्ट्स’ वर टिक करून सगळं बदला.

ती टिक विसरू नका, विशेषतः मराठी नावं असलेल्या शीटवर. न दिसणारी अक्षरं सगळीच कचरा नसतात. ८२०५ क्रमांकाचं जोडणारं अक्षर काही कीबोर्डांवर ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ यांतला र लिहिताना मजकुरात बसतं. ‘सगळी अदृश्य अक्षरं काढा’ असं सूत्र नावांच्या कॉलमवर सरसकट चालवलं तर कुऱ्हाडे यांचं कुर्हाडे होतं, बोऱ्हाडे यांचं बोर्हाडे. पावतीवर आपलं नाव असं छापून आलेलं कोणाला आवडेल? शिवाय दुसऱ्या शीटमधल्या त्याच नावाशी व्हीलुकअप (नाव जुळवून दुसऱ्या यादीतली माहिती आणणारं फंक्शन) जुळेनासा होतो. म्हणजे आख्ख्या सेलमध्ये तेवढंच अक्षर असेल तरच काढायचं, नावाच्या पोटातलं राहू द्यायचं.

आणि जर आख्खी ओळच टाकाऊ असेल तर अक्षरं साफ करत बसण्यात अर्थ नाही. आय कॉलमवर (काढून टाकला असेल तर आधी परत घालून) ‘लेस दॅन’ ३ असा फिल्टर लावा, नजर टाका, ओळी काढा.

सूत्रं आणि चेकबॉक्स

पुढे लागेल म्हणून थकबाकीचं सूत्र हजाराव्या ओळीपर्यंत ओढून ठेवण्याची पद्धत आहे:

=इफ(बी२="","",ई२-एफ२)

फ्लॅट नंबर नसेल तर मोकळं दाखव, एवढाच हेतू. पण "" म्हणजे रिकामं नव्हे, तो शून्य लांबीचा मजकूर आहे. काउंटए त्याला भरलेला सेल धरतं, काउंटब्लँक त्यालाच रिकामा धरतं, आणि दोघांची बेरीज ओळींपेक्षा जास्त भरते. अ‍ॅप्स स्क्रिप्टने (शीटची कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) किंवा जोडलेल्या एखाद्या सेवेने शेवटी नवी नोंद घालायची म्हटली तर ती ‘शेवटची भरलेली ओळ’ शोधते आणि नोंद थेट १००१ व्या ओळीत जाऊन पडते. वर सगळे म्हणत राहतात की नोंद आलीच नाही. वॉचमनने टँकरची नोंद केली, पण शीटमध्ये दिसत नाही, अशी तक्रार आली तर आधी तळाशी जाऊन बघा.

उपाय दोन. सूत्र गरजेपुरत्याच ओळींत ठेवा. किंवा ओढलेली सूत्रं पुसून कॉलमच्या शीर्षकातच एकदा लिहा:

={"थकबाकी";अ‍ॅरेफॉर्म्युला(इफ(बी२:बी="",,ई२:ई-एफ२:एफ))}

दोन स्वल्पविरामांच्या मधे काहीच नाही, अवतरणचिन्हंसुद्धा नाहीत, हे नीट बघा. त्यामुळे सेल खरा रिकामा राहतो आणि काउंटए त्याला मोजत नाही.

चेकबॉक्सचं कॉलमभर पीकही असंच. ‘पावती दिली’ या कॉलमला पूर्ण हजार ओळी चेकबॉक्स लावले की हजार ओळी भरलेल्या ठरतात. यादीखालचे चेकबॉक्स निवडून डिलीट दाबा, आणि नवे लागतील तसे लावा.

फॉर्मला जोडलेली शीट

गुगल फॉर्मच्या प्रतिसादांची शीट वेगळ्या स्वभावाची असते. फॉर्म रिकाम्या ओळीत लिहीत नाही, तो नवी ओळ घुसवतो. त्यामुळे शेजारी ओढून ठेवलेलं सूत्र नव्या ओळीत नसतं, ते एक पायरी खाली सरकतं. दुसऱ्या शीटवरून फॉर्मच्या ए२ कडे बघणारं साधं सूत्रही असंच ए३ कडे सरकतं. वर दिलेलं शीर्षकातलं अ‍ॅरेफॉर्म्युला इथे हमखास उपयोगी पडतं, कारण पहिली ओळ जागची हलत नाही.

जुने प्रतिसाद निवडून डिलीटची कळ दाबली की मजकूर जातो, ओळी राहतात. पुढचा प्रतिसाद वरून भरत नाही, जुन्या शेवटच्या ओळीखालीच येतो, आणि वर पन्नास-शंभर मोकळ्या ओळींचा पट्टा राहतो. राइट क्लिक करून ओळीच काढायला हव्या होत्या. आता काढल्या तरी चालतं. मात्र शीटमधून काढलेला प्रतिसाद फॉर्ममध्ये शिल्लकच असतो. फॉर्म नव्या शीटला जोडला की सगळे जुने प्रतिसाद परत अवतरतात. कायमचे घालवायचे तर फॉर्मच्या रिस्पॉन्सेस टॅबमधून काढा.

नुसती वेळ आणि पुढे काहीच नाही अशा ओळी आल्या तर फॉर्ममध्ये एकही प्रश्न ‘रिक्वायर्ड’ नाही असं समजा. कोणीतरी कोरा फॉर्म पाठवतंय. फ्लॅट नंबर सक्तीचा केला की थांबतं. या ओळी शोधताना काउंटए बी पासून सुरू करा, नाहीतर वेळेमुळे आकडा कधीच शून्य होणार नाही.

न काढता गाळणं

शीट सतत बदलणारी असेल तर मूळ नोंदींना हात न लावता दुसऱ्या टॅबवर साफ प्रत दाखवणं जास्त शहाणपणाचं. समजा मूळ टॅबचं नाव ‘नोंद’ आहे:

=फिल्टर(नोंद!ए२:एफ,नोंद!बी२:बी<>"")

फ्लॅट नंबर नसलेल्या ओळी यातून गळतात. कोणत्याही एका कॉलमवर भरवसा नसेल तर:

=फिल्टर(नोंद!ए२:एफ,बायरो(नोंद!ए२:एफ,लॅम्डा(रो,समप्रॉडक्ट(लेन(ट्रिम(रो)))>०)))

टॅबचं नाव मराठीत असेल तर सूत्रात ते एकेरी अवतरणात ठेवा. सूत्र टाकल्यावर ‘रेफ’ एरर आला आणि त्यात एखाद्या सेलचं नाव दिलं असेल, तर त्या मोकळ्या दिसणाऱ्या सेलमध्ये काहीतरी आहे आणि ते उत्तराच्या आड येतंय. तो सेल पुसा.

बरेच जण इथे क्वेरी हे फंक्शन वापरतात: =क्वेरी(नोंद!ए१:एफ,"सिलेक्ट * व्हेअर बी इज नॉट नल",१). मुंबईतल्या सोसायट्यांच्या शीटवर यात एक सापळा आहे. क्वेरी प्रत्येक कॉलमचा एकच प्रकार मानतं, बहुसंख्य सेल ज्या प्रकारचे तो. फ्लॅटच्या कॉलममध्ये १०१, १०२, २०३ असे आकडे असतील आणि तळमजल्यावरच्या गाळ्यांना ‘दुकान १’, ‘दुकान २’ असं लिहिलं असेल, तर दुकानांच्या नोंदी क्वेरीच्या लेखी रिकाम्या ठरतात आणि ‘इज नॉट नल’ त्या ओळी बिनबोभाट गाळतं. एरर नाही, सूचना नाही, फक्त एकूण वसुली कमी दिसते. आधी तो कॉलम निवडून फॉरमॅट, नंबर, ‘प्लेन टेक्स्ट’ करा आणि अट व्हेअर बी <> '' अशी लिहा. किंवा सरळ फिल्टर फंक्शन वापरा, त्याला या भेदाशी घेणंदेणं नाही.

तळाच्या ओळी

नवी शीट १००० ओळी आणि २६ कॉलमची असते. यादी ८४ फ्लॅटची असली तर उरलेल्या नऊशेच्या वर ओळी बिघाड नव्हेत. तरी नको असतील तर पहिल्या मोकळ्या ओळीच्या क्रमांकावर क्लिक करा, कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण दाबा आणि राइट क्लिकने काढा. काढण्याआधी खाली काही दडलेलं नाही ना ते बघून घ्या. शीर्षकाची ओळ गोठवलेली असेल तर तिच्याखाली किमान एक ओळ ठेवावी लागते, सगळ्या काढू देत नाही.

शीट जड झाली असेल तर या ओळींचाही वाटा असू शकतो. एका फाइलला एक कोटी सेलची मर्यादा आहे आणि मोकळे सेलही त्यात मोजले जातात.

तळाशी ओळी आपोआप ५००-५०० ने वाढत असतील तर एखादं उघड्या टोकाचं सूत्र शोधा. दुसऱ्या टॅबचा ए:ए हा पूर्ण कॉलम तुम्ही या टॅबच्या दुसऱ्या ओळीपासून मागवलात, तर उत्तराला एक ओळ जास्त लागते, म्हणून शीट स्वतःच ओळी घालते. मागणी ए२:ए अशी केली किंवा फिल्टरमध्ये गुंडाळली की वाढ थांबते. नुसत्या ओळी काढून उपयोग नाही, सूत्र त्या परत मागवणारच.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी

दर आठवड्याला हेच करायचं असेल तर अ‍ॅप्स स्क्रिप्ट परवडतं. दोन गोष्टी सांभाळा. लूप खालून वर चालवा. वरून खाली काढत गेलात तर ५ वी ओळ काढल्यावर सहावी पाचवी होते, लूप पुढे सहाव्यावर जातो, आणि लागून असलेल्या दोन रिकाम्या ओळींपैकी एक दर वेळी वाचते. ‘स्क्रिप्ट चालवली तरी निम्म्या ओळी राहतात’ याचं कारण हेच. आणि एकेक ओळ स्वतंत्रपणे काढणं संथ असतं. एका वेळच्या चालण्याला सहा मिनिटांची मर्यादा आहे, तेव्हा सलग रिकाम्या ओळींचा गठ्ठा ओळखून एकदम काढा. सगळी मूल्यं वाचून, गाळून परत लिहिण्याची पद्धत वेगवान आहे, पण त्यात सूत्रांच्या जागी नुसते आकडे बसतात.

स्क्रिप्टने शीटवर घातलेला खास मेनू मोबाइल अ‍ॅपमध्ये दिसत नाही. खजिनदार सगळं काम फोनवरच करत असतील तर त्या मेनूच्या भरवशावर राहू नका, स्क्रिप्टला वेळेवर चालणारा ट्रिगर लावा. तो अशा वेळेचा निवडा की कोणी नोंद करत नसेल. पहाटे तीन ते चार हा पर्याय बहुतेक सोसायट्यांना चालून जातो. संरक्षित रेंज असलेल्या ओळी काढायच्या असतील तर ट्रिगर लावणाऱ्याच्या खात्याला त्या रेंजमध्ये बदल करण्याची परवानगी हवी. नाहीतर स्क्रिप्ट मधेच थांबते आणि अर्धी यादी तशीच राहते.